आवाज आधी, ओठ नंतर: मल्टिमीडियाच्या रचनेत गुणवत्ता नेमकी कुठं लिहायची?

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात दत्तजयंतीचा सप्ताह असतो. दोन वर्षांपासून गावातली आम्ही चार-पाच जणं कीर्तनाचं थेट प्रक्षेपण करतो. ते दोन ठिकाणी जातं. देवळासमोरच्या मांडवात सगळे मावत नाहीत, म्हणून शाळेच्या पटांगणात पडदा, प्रोजेक्टर आणि कर्णे लावतो. आणि दुसरं ठिकाण म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या. दिवाळी झाली की आमच्याकडची बरीच घरं कुलूप लावून कारखान्यावर जातात आणि सप्ताह त्यांना चुकतो. रात्री कोपीत बसून मोबाईलवर का होईना, गावचं कीर्तन कानावर पडावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

यंदा तिसऱ्या दिवशी माझी मावशी पटांगणातून उठून मांडवात आली. म्हणाली, "आरं, आवाज आधी यायलाय, ओठ नंतर हलायलेत. टाळकऱ्याचे हात बघून डोकं गरगरायलंय."

जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजमाप केलं. मांडवातल्या कॅमेऱ्यासमोर एकाला टाळी वाजवायला लावली आणि पटांगणात मोबाईल स्लो-मोशनवर ठेवून पडदा व कर्णा दोन्ही एकत्र टिपले. सेकंदाला २४० फ्रेम. टाळीचा आवाज आला तिथपासून पडद्यावर हात जुळेपर्यंत ७१ फ्रेम मोजल्या, म्हणजे जवळपास २९६ मिलिसेकंद. आवाज मिक्सरमधून थेट वायरनं कर्ण्यांत जात होता, तर चित्र कॅमेरा, कॅप्चर कार्ड, एन्कोडर, शाळेतला डिकोडर आणि प्रोजेक्टर असे टप्पे पार करत येत होतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीटी-१३५९ ही शिफारस सांगते की आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढं किंवा १२५ मागं असेल तोवर माणसाला फरक जाणवत नाही. पुढं ९० आणि मागं १८५ पर्यंत लोक चालवून घेतात. आम्ही त्या ९० च्या तिपटीहून पलीकडं होतो.

उपाय सोपा वाटला. मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर २९० मिलिसेकंदांचा डिले टाकला. पटांगण एकदम ठीक झालं, मावशी खूष.

त्याच रात्री टोळीवरून फोन आला. तिकडं आता ओठ आधी आणि आवाज नंतर. कारण टोळ्यांकडं जाणारा आवाज लॅपटॉपला त्याच मुख्य आउटपुटमधून मिळत होता. तो आदल्या दिवसापर्यंत बरोबर होता, तो आम्ही स्वतःच्या हातानं बिघडवला. नातवाला मांडीवर घेऊन कीर्तन ऐकणाऱ्या एका आजोबांनी तेवढ्यासाठी फोन बंद केला, हे कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडं आराखडा होता. मीच काढला होता. पुठ्ठ्यावर चौकोन, चौकोनांत नावं, मधे बाण. प्रत्येक चौकोन आपापलं काम चोख करत होता. एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. चूक होती बाणांत, आणि बाणांवर आम्ही काहीच लिहिलं नव्हतं.

नोकरीतही हेच पाहतो. मी संभाजीनगरात व्हिडिओ प्रणालींवर काम करतो. डिझाइनच्या कागदात प्रत्येक घटकाची दोन-दोन पानं असतात आणि गुणवत्तेबद्दल शेवटी एक ओळ: 'विलंब कमीत कमी असावा.' ही ओळ तपासता येत नाही, मोडली तरी कळत नाही, आणि दोन ओळींची बेरीज तर अजिबात करता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सेवेची गुणवत्ता पेटीत नसते, जोडात असते. म्हणून जोडालाच रचनेतला पूर्ण मानाचा घटक मानायचं आणि त्याच्यावर करार लिहायचा, असा की यंत्राला तपासता येईल.

हा विचार माझा नाही, जुना आहे. कार्नेगी मेलनच्या ॲलन आणि गार्लन यांनी राइट ही रचना-वर्णनाची भाषा केली. १९९७ च्या त्यांच्या शोधनिबंधात जोडाला स्वतःचं वर्तन दिलंय, तेही होअर यांच्या सीएसपी या गणिती भाषेत. मल्टिमीडियाच्या बाजूनं पाहिलं तर ओडीपीचं, म्हणजे अनेक यंत्रांत विखुरलेल्या प्रणालींचं, प्रमाणक, आयएसओ १०७४६. त्यात नेहमीच्या मागणी-उत्तर इंटरफेससोबत प्रवाहाचा वेगळा इंटरफेस आहे, आणि दोन टोकांमधल्या जोडणीलाच एक वस्तू मानलंय, जिला नंतर विचारता येतं, बदलता येतं. लँकेस्टरचे ब्लेअर आणि फ्रान्सचे स्टेफानी यांनी त्यावर क्यूएल नावाचं तर्कशास्त्र उभं केलं. त्याचा गाभा साधा आहे: प्रत्येक घटना न-व्यांदा घडली ती वेळ धरायची आणि त्या वेळांमधलं नातं असमिकेत, म्हणजे ≤ सारख्या चिन्हांनी, लिहायचं.

आमच्या पटांगणाचा करार मी असा लिहिलाय. मिसे म्हणजे मिलिसेकंद.

> जोड चित्रवाट: कॅमेरा ते पडदा
> गृहीत: दर ४० मिसेला १ फ्रेम
> हमी: वेळ(दिसली, न) − वेळ(टिपली, न) ≤ ३००
>
> जोड आवाजवाट: मिक्सर ते कर्णे
> हमी: वेळ(वाजला, न) − वेळ(टिपला, न) ≤ १०
>
> बंधन मेळ: −४५ ≤ आवाजाचा विलंब − चित्राचा विलंब ≤ १२५

गृहीत म्हणजे समोरच्यानं पाळायचं, हमी म्हणजे आपण पाळायचं. गृहीत मोडलं तर हमी बांधील नाही. हे दोन शब्द वेगळे लिहिले की भांडणंसुद्धा कमी होतात.

हे बरोबर लिहिलंय का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर जरूर सांगा.

---

मिक्सरवाला | शनिवार, रात्री १०:४०

लातूरहून. साउंडचं काम करतो, सॉफ्टवेअरमधलं फारसं कळत नाही, पण तुमच्या लिहिण्यात एक मोठी गोष्ट सुटली आहे. कर्ण्यातून आवाज निघाला म्हणजे माणसाच्या कानात पोहोचला असं नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पटांगणात शेवटची रांग कर्ण्यांपासून ३० मीटरवर असेल तर तिथं आवाज ८८ मिसे उशिरा पोहोचतो. पडद्यावरचं चित्र मात्र पहिल्या आणि शेवटच्या रांगेला एकाच वेळी दिसतं. म्हणजे एकाच पटांगणात तुमची दोन गिऱ्हाइकं आहेत.

आवाज मागं राहिला तर लोक जास्त सहन करतात, त्याचंही मला कारण हेच वाटतं. लांबून कपडे धुणारी बाई बघा, धोपटणं आधी आपटलेलं दिसतं, आवाज मागून येतो. जन्मापासून हेच बघत आलोय. आवाज आधी आणि हात नंतर हे निसर्गात कुठंच नाही, म्हणून तुमच्या मावशीला गरगरलं.

आणि भाऊ, डिले कधीही मुख्य आउटपुटवर टाकायचा नाही. ज्या जागेचा प्रश्न आहे तिची वेगळी ऑक्झ लाइन, म्हणजे मिक्सरमधून निघणारी जादा वाट, काढायची आणि डिले तिच्यावर.

---

गोदाकाठ | शनिवार, रात्री ११:१५

मिक्सरवाला दादा, फार मोलाचं सांगितलंत. हवा हासुद्धा एक जोड आहे आणि तो मी आराखड्यात काढलाच नव्हता.

तुमचं वाचल्यावर गणित पुन्हा मांडायला बसलो तेव्हा माझ्याच करारातली चूक सापडली. मी दोन्ही हमींमध्ये फक्त वरची मर्यादा लिहिली होती. चित्र ३०० च्या आत, आवाज १० च्या आत. पण '३०० च्या आत' म्हणजे ५ सुद्धा असू शकतं! मग दोन्हींतला फरक −३०० ते +१० मधे कुठंही पडू शकतो आणि मेळाचं बंधन कधीच सिद्ध होत नाही. मेळ सिद्ध करायचा तर किमान आणि कमाल दोन्ही हवेत. कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'कमाल विलंब' एवढंच छापलेलं असतं, आणि आपण त्यावर विसंबून रचना करतो.

पुन्हा मोजलं. चित्र २६० ते ३०० मधे येतं. आवाज वायरीतून ० ते १०, त्यावर आपण घातलेला डिले ड. फरकाची खालची बाजू ड − ३०० झाली आणि वरची ड + १० − २६०. खालची −४५ च्या वर राहायची तर ड किमान २५५, वरची १२५ च्या आत राहायची तर ड कमाल ३७५. बरीच ऐसपैस जागा वाटली. आता त्यात हवेतले ८८ धरा. आवाजाची कमाल ९८ होते आणि ड ला वर २८७ च्या पुढं जाता येत नाही. १२० मिसेची जागा ३२ वर आली.

आणि आम्ही टाकले होते २९०. म्हणजे मावशी पुढं बसते म्हणून खूष होती. शेवटच्या रांगेत आवाज जरा मागंच पडत होता, तिथून कुणी तक्रार केली नाही एवढंच.

---

टेलचा_माणूस | रविवार, सकाळी ७:०५

मी पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होतो, आता घरी असतो. परभणी. मुलगी हा धागा वाचत होती, तिनं दाखवला. कॉम्प्युटरचं मला समजत नाही, पण ही भाषा मला तोंडपाठ आहे हो.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर. पैठणला पाणी सुटलं म्हणजे टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, मिळालं असं नसतं. हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, शंभर लिहिलेलं असतं, मधे वहन व्यय म्हणजे वाटेत मुरणारं पाणी असतं, कुठं दार वाकडं असतं, कुठं कुणी रात्री पाइप टाकलेला असतो. आणि टेलचा शेतकरी आमच्या दारात उभा. त्याला कागदावरचे चौकोन दाखवून काय उपयोग? त्यानं पेरलेलं असतं.

म्हणून आमच्याकडं नमुना ७ चा अर्ज असतो. हंगामाच्या आधी शेतकऱ्यानं लिहून द्यायचं की पीक कोणतं आणि क्षेत्र किती. धरणात पाणी किती आहे ते बघून मंजुरी मिळते. मंजूर झालं तर पाळीत नाव, नाही तर नाही. आणि शेजपाळीचा, म्हणजे पाळीपाळीनं पाणी देण्याचा, मूळ नियम असा की पाणी टेलकडून हेडकडं द्यायचं. शेवटच्याचं आधी भिजवायचं, मग वर यायचं. नियम पाळला तर कुणी ओरडत नाही. मोडला की हेडवाल्याचा ऊस हिरवा आणि टेलवाल्याची ज्वारी करपलेली, हे मी तीस वर्षं बघितलंय.

तुमच्या कामात अशी अर्जाची पद्धत आहे का?

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ८:३०

काका, नमस्कार करतो तुम्हाला. अगदी हीच पद्धत इंटरनेटसाठी मांडली गेली होती. १९९४ च्या आरएफसी १६३३ मधे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीतींचे क्रमांकवार कागद) इंटसर्व्ह नावाची रचना आली आणि १९९७ मधे तिचा अर्जाचा नमुना ठरला, आरएसव्हीपी. पाठवणारा सांगतो की माझा प्रवाह असा असेल. अर्ज मात्र घेणारा करतो, म्हणजे टेलवाला, आणि तो अर्ज वाटेवरच्या प्रत्येक राउटरकडून, म्हणजे डेटा पुढं ढकलणाऱ्या यंत्राकडून, मंजूर होत वर जातो. एकानं नाही म्हटलं तर अर्ज नामंजूर.

अडचण ही आली की प्रत्येक राउटरनं प्रत्येक प्रवाहाची नोंद ठेवायची. लाखो प्रवाहांना ते झेपत नाही. म्हणून १९९८ ला डिफसर्व्ह आलं: शेतकऱ्यागणिक नोंद ठेवायची नाही, पाण्याचे चार-सहा वर्ग पाडायचे आणि प्रत्येक पॅकेटवर वर्गाचा शिक्का मारायचा. बोलण्याच्या आवाजाचा शिक्का ४६ क्रमांकाचा. पण सार्वजनिक इंटरनेटवर आपल्या हद्दीबाहेर त्या शिक्क्याला कुणी मान देईलच असं नाही.

---

पॅकेट_मोजणारा | रविवार, दुपारी १२:२०

मूळचा नांदेडचा, कामाला पुण्यात, स्ट्रीमिंगमधेच आहे. कळकळ पोहोचली, पण मला हे पटत नाही, ते स्पष्ट लिहितो.

एक तर वेबआरटीसीमधे, म्हणजे ब्राउझरमधून थेट आवाज-चित्र पाठवायच्या तंत्रात, हे सगळं आधीच आहे. जिटर बफर, म्हणजे पुढं-मागं येणारी पॅकेटं थोडी थांबवून सारखी करणारा साठा, आपोआप लहान-मोठा होतो, वेग आपोआप कमी-जास्त होतो. आवाज आणि चित्र यांचा मेळ आरटीसीपी या सोबतच्या प्रोटोकॉलच्या अहवालांतून बसतो, कारण दोन्ही प्रवाहांचे वेळेचे शिक्के एकाच घड्याळाशी जुळवून मिळतात. आरएफसी ३५५०, २००३ सालचं. दुसरं असं की टोळ्या जिथं राहतात तिथं कधी नेटवर्कच्या दोन कांड्या, कधी शून्य. त्या वाटेवर '१५० मिसेच्या आत' अशी हमी कोण देणार? जी हमी देताच येत नाही ती गणिताच्या भाषेत लिहून काय मिळवायचं? खरं शहाणपण मोजत राहण्यात आणि जुळवून घेण्यात आहे.

---

गोदाकाठ | रविवार, दुपारी २:०५

पहिल्या मुद्द्यावर. आमची टोळीकडची वाट वेबआरटीसीचीच होती, आणि ती आरटीसीपी असूनही बिघडली. का, ते बघा. शिक्का कधी पडतो? लॅपटॉपनं आवाज टिपला तेव्हा. मिक्सरमधले २९० मिसे त्याआधीचे. आरटीसीपीच्या दृष्टीनं तो आवाज आत्ताच जन्मला. त्यानं शिक्के प्रामाणिकपणे जुळवले आणि चुकीचा मेळ अचूकपणे टोळीपर्यंत पोहोचवला. प्रोटोकॉल त्याच्या हद्दीतलंच बघतो. हद्दीबाहेरचा जोड फक्त रचनेच्या पातळीवर दिसतो, तिथं लिहिलेला असेल तर.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे आणि तुमचं निम्मं मला मान्य आहे. पक्की हमी तिथं देता येत नाही. पण करार म्हणजे पक्कीच हमी असं नाही. एचपीच्या प्रयोगशाळेत १९९८ च्या सुमारास फ्रोलुंड आणि कोइस्टिनेन यांनी क्यूएमएल ही भाषा केली. तिच्यात 'शंभरातल्या अमुक वेळा विलंब अमुकच्या आत' असंही लिहिता येतं. आणि बीबीएन या अमेरिकी कंपनीच्या क्यूओ या प्रणालीत करार म्हणजे प्रदेशांचा नकाशाच होता: परिस्थिती या प्रदेशात असेल तर असं वागायचं, तिकडं सरकली तर तसं.

जुळवून घेणं म्हणालात. पण कशाचा बळी देऊन जुळवून घ्यायचं, हे कुणी ठरवलं? आमच्या वाटेवर नेटवर्क आटलं की आधी आवाज तुटायचा आणि चित्र तसंच रेटलं जायचं. कीर्तनाला याच्या बरोबर उलट हवं. अभंगाचा एक चरण गळला तर सगळं गेलं. बुवांचा चेहरा पाच सेकंद थिजला तर कुणाचं काही अडत नाही. आवाजाला ओपस कोडेकवर, म्हणजे आवाज दाबून लहान करायच्या पद्धतीत, सेकंदाला २४ किलोबिट पुरतात. म्हणून टोळीचा करार आता असा आहे:

> प्रदेश भरपूर: सेकंदाला ५०० किलोबिटच्या वर. चित्र आणि आवाज, मेळाचं बंधन लागू.
> प्रदेश तुटपुंजा: ६० ते ५००. आवाज अखंड, चित्र सेकंदाला एखादं, मेळाचं बंधन नाही.
> प्रदेश दुष्काळ: ६० च्या खाली. फक्त आवाज. ३ सेकंद मागं राहिला तरी चालेल, तुटायला नको.

शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथं विलंब सोडून दिलाय आणि सलगता धरून ठेवलीय. कोपीतल्या माणसाला कीर्तन तीन सेकंद उशिरा आलं म्हणून काही फरक पडत नाही. तो समोरच्याशी बोलत नाहीये, ऐकतोय. संभाषणाला एका दिशेचा विलंब १५० मिसेच्या आत ठेवावा असं आयटीयूचं जी-११४ सांगतं, पण तो आकडा संभाषणाचा आहे. तो कीर्तनाच्या प्रक्षेपणाला लावणं म्हणजे उसाची पाळी ज्वारीला देण्यासारखं.

---

टेलचा_माणूस | रविवार, दुपारी ३:४०

दुष्काळ हा शब्द बरोबर वापरलात. आमच्याकडंही टंचाईच्या वर्षी आधी पिण्याचं पाणी राखून ठेवतात, मग शेतीचं बघतात. ते आधीच ठरलेलं असतं. त्या दिवशी ठरवायला बसलं तर मारामाऱ्या होतात.

---

नांदेडची_विद्यार्थिनी | रविवार, सायंकाळी ६:१०

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर, करार कागदावर लिहिणं समजलं. पण 'यंत्राला तपासता येईल' म्हणजे नेमकं काय करायचं? कोणतं साधन वापरायचं? आम्हाला औपचारिक पद्धती एका घटकापुरत्या होत्या, झेड नोटेशनची दोन उदाहरणं, परीक्षेपुरती.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:२५

सर नको, दादा म्हण.

वेळेचा प्रश्न असेल तर टाइम्ड ऑटोमॅटापासून सुरुवात कर. राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांचा सिद्धांत, १९९४ चा त्यांचा शोधनिबंध वाचण्यासारखा आहे. अलूर आयआयटी कानपूरचे. कल्पना अशी की अवस्था आणि बाण तुला माहीत आहेतच, त्यांना घड्याळं जोडायची. घड्याळ एकसारखं पुढं जातं, बाणावरून जाताना ते शून्यावर आणता येतं. 'घड्याळ ३५ झाल्याशिवाय हा बाण घेता येणार नाही', 'घड्याळ ४५ व्हायच्या आत या अवस्थेतून निघालंच पाहिजे' एवढं लिहिता आलं की पुरे. साधन उप्पाल. स्वीडनच्या उप्साला आणि डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठांनी मिळून केलेलं, १९९५ पासून. शिकण्यासाठी विनामूल्य आहे.

तुझ्या उपयोगाचं एक उदाहरण सांगतो. ओठ-आवाज मेळाचा एक प्रोटोकॉल शोधनिबंधांत बरीच वर्षं फिरत होता. आवाजाचं पॅकेट दर ३० मिसेला, चित्राची फ्रेम दर ४० ला, ५ पुढं-मागं चालेल, आणि दोन प्रवाहांमधलं अंतर एका बाजूला १५ व दुसऱ्या बाजूला १५० च्या आत. वेगवेगळ्या लोकांनी तो वेगवेगळ्या औपचारिक भाषांत लिहिला होता. १९९८ मधे बोमन आणि सहकाऱ्यांनी तो उप्पालमधे घातला आणि पहिल्यांदाच यंत्राकरवी तपासला. काय निघालं? काही प्रवाहांसाठी प्रोटोकॉल चुकीच्या अवस्थेची सूचना देण्याआधीच टाइमलॉकमधे अडकतो.

टाइमलॉक नीट समजून घे, कारण माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई तीच. समज, एक घटक म्हणतो 'मला ४५ च्या आत निघायलाच पाहिजे' आणि त्याला ज्याच्यासोबत निघायचंय तो म्हणतो 'मी ५० शिवाय तयार नाही'. ४५ ला काय होईल? मॉडेलमधे पुढं जायला वाटच उरत नाही, काळ थांबतो. प्रत्यक्षात काळ थांबत नाही. म्हणजे आपण लिहिलेले दोन करार एकमेकांना छेद देतायत आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. हे कागदावर वाचून सापडत नाही. मोठमोठ्या जाणकारांनी लिहिलेल्या वर्णनात सुद्धा ते राहून गेलं होतं.

जपून एवढंच की घटक वाढले की अवस्था भराभर वाढतात आणि यंत्राची मेमरी संपते. म्हणून सगळं गाव मॉडेलमधे घालायचं नाही. एक बंधन घ्यायचं आणि त्याला लागणारे जोड तेवढे घ्यायचे. आणि नुसत्या बेरजेचाच प्रश्न असेल तर एएडीएल ही रचना-वर्णनाची भाषा बघ, २००४ चं प्रमाणक. त्यात प्रवाहाला विलंब लिहिताना किमान-कमाल अशी जोडीच लिहितात. माझी कालची चूक तिथं झाली नसती. ओसेट हे त्याचं मुक्त साधन.

---

पॅकेट_मोजणारा | सोमवार, रात्री १०:४८

आज ऑफिसातून येताना याच गोष्टीचा विचार करत होतो. शिक्क्याच्या आधीचा विलंब आरटीसीपीला दिसत नाही हे मान्य. असा प्रश्न आमच्याकडं मागच्या वर्षी आला होता आणि आम्ही तीन आठवडे प्लेअरमधे बग शोधत होतो. प्लेअर निर्दोष होता.

माझ्याकडून एक भर घालतो, जोडांच्या बेरजेबद्दल. नेटवर्क कॅल्क्युलस नावाचं गणित आहे, १९९१ च्या क्रूझ यांच्या कामावर उभं राहिलेलं. प्रवाह दोन आकड्यांत सांगायचा: एकदम येणारा लोंढा आणि सरासरी दर. टप्पाही दोन आकड्यांत: सुरुवातीची थांबणूक आणि उपसण्याचा दर. कमाल विलंब म्हणजे थांबणूक अधिक लोंढा भागिले उपसण्याचा दर.

समजा चित्राचा लोंढा ३०० किलोबिट, पूर्ण फ्रेम आली की येतो तसा, आणि सरासरी दर सेकंदाला ८०० किलोबिट. पहिला टप्पा ४० मिसे थांबणूक, उपसा १५००. विलंब ४० + २०० = २४०. पुढं जाताना लोंढा फुगून ३३२ होतो, कारण ४० मिसेच्या थांबणुकीत ८०० च्या दरानं आणखी ३२ साचतात. दुसरा टप्पा ३० मिसे, उपसा १०००. विलंब ३० + ३३२ = ३६२. बेरीज ६०२ मिसे.

आता दोन्ही टप्पे एकत्र एकच टप्पा धरा. थांबणूक ७०, उपसा दोन्हींतला लहान म्हणजे १०००. विलंब ७० + ३०० = ३७०. तीच वाट, तीच यंत्रं. सुटी बेरीज ६०२ सांगते, अखंड हिशोब ३७०. लोंढा एकदा पसरला की पुढच्या टप्प्यावर तो पुन्हा तसाच आदळत नाही, पण सुट्या बेरजेत त्याची किंमत दोनदा मोजली जाते. म्हणजे गोदाकाठ, प्रत्येक जोडाचा करार वेगळा लिहून नुसती बेरीज केलीत तर उत्तर सुरक्षित येईल, पण वायफळ मोठं येईल आणि तुम्ही नको तेवढा बफर ठेवाल. जोड जोडला की नवा जोड कसा मिळतो, हा नियमसुद्धा वर्णनाच्या भाषेतच हवा.

---

टेलचा_माणूस | मंगळवार, सकाळी ६:५०

लोंढ्याचं अगदी खरं. वरच्या दाराला धडकलेलं पाणी चारीत उतरेस्तोवर संथ होतं. दर दाराला पुराचा हिशोब धरला तर कालवा दुप्पट रुंद खणावा लागेल.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

पॅकेट_मोजणारा, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण करारात ते आणायचं सुचलं नव्हतं. मी प्रत्येक जोडाला फक्त विलंबाची किमान-कमाल देत होतो. आता गृहीतामधे लोंढा आणि दर, हमीमधे थांबणूक आणि उपसा असं लिहायला हवं, म्हणजे दोन जोड मिळून तिसरा जोड काढता येईल. टोळीची वाट तशी पुन्हा लिहितो.

पटांगणासाठी मिक्सरवाला दादांच्या सांगण्याप्रमाणे वेगळी ऑक्झ लाइन, तिच्यावर २७० मिसे. पुढच्या रांगेला फरक −३० च्या पुढं जात नाही, शेवटच्या रांगेला १०८ च्या. मुख्य आउटपुट जसं होतं तसं, टोळीसाठी.

---

नांदेडची_विद्यार्थिनी | गुरुवार, रात्री ११:३५

दादा, उप्पालमधे तुमचं पटांगण बसवलं! कॅमेरा, चित्रवाट, मिक्सर, ऑक्झ, कर्णे आणि दोन श्रोते, एक पुढच्या रांगेतला आणि एक मागच्या. टोळीचा श्रोता मुख्य आउटपुटवर. आधी तुमची जुनी रचना घातली, डिले मुख्य आउटपुटवर. टोळीच्या श्रोत्याचं बंधन लगेच मोडलं आणि कुठून कसं मोडलं त्याच्या पायऱ्या पडद्यावर आल्या. मग ऑक्झ वेगळी केली, २७० घातले, सगळी बंधनं सिद्ध झाली. २८७ ला पण होतात. २८८ केलं की मागच्या रांगेतला श्रोता मोडतो, हवेतला जोड पूर्ण ८८ घेतो आणि चित्र २६० मधेच येतं तेव्हा.

एक शंका आहे. शेवटची रांग ३० मीटरवर हे मी मिक्सरवाला काकांच्या पोस्टवरून घेतलं. ते खरंच मोजलेलं आहे का? ४० मीटर केलं तर हवेतला जोड ११८ होतो, आवाजाची कमाल १२८, आणि ड फक्त २५५ ते २५७ मधे बसतो. ५० मीटर केलं तर एकही डिले बसत नाही.

---

मिक्सरवाला | शुक्रवार, सकाळी ९:१५

मी अंदाजानं लिहिलं होतं. ५० मीटर असेल तर मधे आणखी एक कर्ण्यांची जोडी उभी करावी लागेल आणि तिला तिचा वेगळा डिले.

---

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ९:४०

मोजलेलं नाही. रविवारी गावी चाललोय. शाळेच्या पायऱ्यांजवळ कर्णे असतात, तिथून लिंबाच्या पारापर्यंत दोरी लावून किती मीटर भरतं ते इथं टाकतो. बायका पाराच्या मागंही बसतात, तेही धरतो.